लाकडाची जात आणि लाकडातली ओल

युरोप-अमेरिकेत ज्या घरांत अजून लाकूड जाळून ऊब आणली जाते, तिथे नवख्या माणसाला पहिला उपदेश मिळतो तो लाकडाच्या जातीचा. ओक घ्या, बीच घ्या, अ‍ॅश घ्या; पाइन, स्प्रूस, लार्च यांच्या वाटेला जाऊ नका. कठीण लाकूड जास्त तापते, मऊ लाकूड नुसते भुरुभुरु जळून जाते, त्याची राळ धुराड्यात साचते आणि एखाद्या रात्री धुराडेच पेट घेते, अशी ही शिकवण आहे. ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात लाकडाच्या स्टोव्हसकट घर घेणाऱ्या मराठी माणसाला ती चटकन पटते, कारण बाभळीच्या सरपणाची ख्याती त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. या शिकवणीचा पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा चुकीचा. दोन्हींनी मिळून नुकसान केले आहे ते असे, की लोक लाकडाची जात विचारतात आणि त्यातली ओल विचारायची विसरतात. धुराडे जोडलेल्या बंद स्टोव्हपुरते बोलायचे तर प्रश्नांचा क्रम उलटा हवा: आधी ओल, मग फोडीचा आकार, मग हवा किती सोडायची ते, आणि जात सगळ्यांत शेवटी.

आधी शब्दांचाच घोळ पाहू. इंग्रजीत ज्याला हार्डवूड म्हणतात ते कठीण असतेच असे नाही. ती वनस्पतिशास्त्राची वाटणी आहे: रुंद पानांच्या झाडांचे ते हार्डवूड, सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवूड. त्यामुळे खेळण्यातली विमाने ज्या पिसासारख्या हलक्या बाल्साची करतात तो बाल्सा हार्डवूडमध्ये मोडतो, आणि इंग्रज तिरंदाज ज्याची धनुष्ये करत ते जड, चिवट यू मात्र सॉफ्टवूडमध्ये. पॉप्लर हार्डवूड असूनही पाइनपेक्षा हलका भरतो. नावावरून उष्णता ठरवायला निघालेला माणूस इथेच फसतो. पूर्ण वाळलेल्या एक किलो लाकडात, ते कुठल्याही झाडाचे असो, साधारण १८ ते २० मेगाज्यूल उष्णता असते. सूचिपर्णी लाकूड यात किंचित पुढेच असते, कारण त्यात लिग्निन आणि राळ जास्त, आणि या दोन्हींत सेल्युलोजपेक्षा अधिक ऊर्जा असते. फरक पडतो तो आकारमानात. वाळलेल्या ओकचा भरीव घनमीटर सुमारे ७०० किलो भरतो, स्प्रूसचा सुमारे ४५०. म्हणजे ओकच्या दोन टोपल्यांचे काम करायला स्प्रूसच्या तीन टोपल्या लागतात. ओक जास्त तापतो असा याचा अर्थ नाही. तो कमी जागेत जास्त मावतो, एवढेच. कठीण लाकडाच्या कैवाऱ्यांच्या म्हणण्यात खरे ते इतकेच, आणि तो सगळा किमतीचा व जागेचा हिशेब आहे. लाकूड घनमीटरने घेत असाल तर घनता पाहून भाव करावा. आपल्याकडे वखारीत सरपण काट्यावर तोलून मिळते. तिथे घनतेचा हा फायदाही उरत नाही, आणि ओले लाकूड देणारा वखारवाला गिऱ्हाइकाला लाकडाच्या भावाने पाणी विकत असतो.

आता त्या पाण्याकडे वळू. ताज्या तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, काही झाडांत त्याहूनही जास्त. दहा किलोच्या ओंडक्यात पाच लिटर! ते पाणी उकळण्यात उष्णता वाया जाते, असे कोरड्या लाकडाचे समर्थक नेहमी सांगतात. म्हणणे बरोबर आहे, पण आकडे मांडले तर ही तूट वाटते तेवढी मोठी निघत नाही, आणि समोरचा पक्ष इथे आपल्याला पकडू शकतो. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल लागतात. निम्मे पाणी असलेल्या लाकडात प्रत्येक किलो कोरड्या भागामागे एक लिटर पाणी असते. साडेअठरातले अडीच गेले, सोळा उरले. २० टक्के ओलीच्या लाकडात किलोभर कोरड्या भागामागे पाव लिटरच पाणी, म्हणजे ०.६ मेगाज्यूलचा खर्च. दोन्हींत फरक दहा-अकरा टक्क्यांचा. एवढ्यासाठी दोन उन्हाळे थांबायचे का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

थांबायचे, कारण खरे नुकसान वाफेत नाही, विझत्या ज्वाळेत आहे. लाकूड तापले की त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती त्या वायूची असते, लाकडाची नव्हे. मागे उरतात ते निखारे. हे वायू पूर्ण जळायला स्टोव्हच्या पोटात सहाशे अंशांच्या वर तापमान लागते. लाकडात पाणी शिल्लक असेतोवर तो भाग शंभर अंशांच्या फार पुढे सरकत नाही, आणि आजूबाजूची उष्णता ओढून घेत राहतो. कडेचे लाकूड वायू सोडू लागलेले असते, पण ते पेटवण्याइतकी धग पोटात नसते. ते न जळताच धुराड्याने वर जातात. दिसणारा पांढरा-करडा धूर म्हणजे पैसे मोजून आणलेले आणि न वापरता फेकून दिलेले सरपण. मग माणूस दोन कोरडी फाटी आत सारतो, आणि त्यांची उष्णता ओल्याला वाळवण्यात खर्ची पडते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही आपली म्हण निरपराधाला भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेबद्दल आहे. स्टोव्हमध्ये अपराधी असते ओले, आणि दंड भरते सुके.

कठीण लाकडाच्या कैवाऱ्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा राळेचा आहे. पाइनमध्ये राळ असते, राळ चिकट असते, धुराड्यात जमणारा थरही चिकट आणि काळा असतो. तेव्हा तो राळेचाच असणार, असा हा तर्क. त्या थराला क्रिओसोट म्हणतात, आणि तो पेटला की धुराड्याला खरोखरच आग लागते, यात वाद नाही. पण क्रिओसोट म्हणजे राळ नव्हे. हा शब्द ज्यांनी घडवला ते जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख यांनी १८३२ च्या सुमारास हा पदार्थ वेगळा केला तो बीचच्या लाकडापासून काढलेल्या डांबरातून. बीच म्हणजे कठीण लाकडांतले खानदानी नाव! पुढे औषध म्हणून विकले गेलेले क्रिओसोटही बीचचेच होते. लाकूड कुठलेही असो, त्यातले लिग्निन आणि सेल्युलोज उष्णतेने फुटले की डांबरी वाफ निघते. पोटात धग असेल तर ती तिथेच जळते. नसेल तर वर जाऊन धुराड्याच्या गार भिंतीवर थिजते. राळही जळाऊ पदार्थच आहे, किलोमागे सेल्युलोजच्या दुपटीच्या आसपास उष्णता देणारी. कोरड्या पाइनला पुरेशी हवा मिळाली तर राळ धुराड्यापर्यंत पोचतच नाही. अर्धे ओले ओक हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवले, तर राळेचा थेंबही नसताना सकाळी धुराड्यात डांबर सापडेल.

तर्क पुरे, आता नकाशा पाहू. चिलीच्या दक्षिणेला तेमुको नावाचे शहर आहे. हिवाळ्यातल्या धुरासाठी ते कुप्रसिद्ध आहे, आणि तो धूर मुख्यतः घरोघरच्या स्टोव्हचा आहे. तिथे जळते काय? रोब्ले, कोइग्वे, उल्मो अशी देशी झाडे आणि लावलेला युकॅलिप्टस. सगळी रुंद पानांची, म्हणजे शिकवणीप्रमाणे उत्तम. जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर गोलार्धात, अलास्कात फेअरबँक्स आहे. हिवाळ्यात उणे चाळीसपर्यंत पारा उतरणारे, आणि तेही धुराने गांजलेले. तिथल्या जंगलात ओकचे नाव नाही. स्प्रूस, बर्च आणि अ‍ॅस्पेन जळतात. एका शहरात कठीण लाकूड, दुसऱ्यात बरेचसे मऊ, आणि धूर दोन्हीकडे. गार हवा दरीत अडकून बसणे, दाटीवाटीने स्टोव्ह असणे आणि नीट न वाळलेले लाकूड, ही तिन्ही कारणे दोन्ही शहरांत सारखी आहेत. नियम करायची वेळ आली तेव्हा कोणी काय मोजायचे ठरवले तेही पाहावे. चिलीच्या सरपणाच्या मानकाने कोरड्या वजनाच्या २५ टक्के ही ओलीची मर्यादा घातली. एकूण वजनावर मोजली तर ती २० टक्केच होते. फेअरबँक्सच्या प्रदूषित पट्ट्यात विकायचे लाकूड २० टक्क्यांच्या आत वाळलेले हवे, असा अलास्काचा नियम आहे. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडाला २० टक्क्यांची अट लागू झाली. तिन्ही ठिकाणी बंधन आले ते ओलीवर. ओक चालेल आणि पाइन नको, असे कोणी म्हटले नाही.

नॉर्वेचे उदाहरण यापेक्षा गमतीचे आहे. तिथे बर्चला मान आहे हे खरे, पण स्प्रूस आणि पाइन जाळल्यावाचून त्या देशाचा हिवाळा सरत नाही. लार्स मित्तिंग यांचे सरपणावरचे पुस्तक २०११ मध्ये आले आणि तुफान खपले. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला, त्यातला मोठा भाग नुसत्या जळत्या आगीचा. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या त्या लाकूड रचताना साल वर हवी की खाली, यावरून. ढीग वाळवण्याच्या रीतीवर हमरीतुमरीला येणारे हे लोक आहेत, आणि आपले घर स्प्रूसने तापते याची त्यांना लाज वाटत नाही.

यावर उत्तर येते ते रात्रीचे. ओकचे निखारे पहाटेपर्यंत टिकतात. स्प्रूसचे तासाभरात राख होतात, मग मध्यरात्री उठून लाकूड कोण घालणार? निखाऱ्यांबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे आणि सोय म्हणून ओक निवडणाऱ्याशी भांडायचे कारण नाही. पण रात्रभर स्टोव्ह टिकवण्याची रूढ रीत म्हणजे तो भरून हवेची खिडकी जवळजवळ बंद करणे, आणि डांबर व धूर तयार करण्याची याहून पक्की कृती नाही. ज्यांच्याकडे हिवाळा सहा-सहा महिने असतो त्यांनी रात्रीचा प्रश्न लाकूड बदलून सोडवला नाही, शेगडी बदलून सोडवला. स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई भासू लागली तेव्हा १७६७ मध्ये कार्ल युहान क्रूनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी विटांच्या आत वळणावळणाचे धूरमार्ग असलेली उंच शेगडी तयार केली. लाकूड तासा-दोन तासांत भडकून जळायचे, धुरातली उष्णता विटा शोषून घ्यायच्या, आणि आग विझल्यावरही खोली पुढे कितीतरी तास उबदार राहायची. फिनलंड-रशियातल्या विटांच्या भट्ट्यांची युक्ती हीच. तिथे भरभर जळणे हा दोष नाही, हवा असलेला गुण आहे.

मग हा समज आला कुठून? तो मूर्खपणातून आलेला नाही, आणि म्हणूनच तो चिवट आहे. खुल्या फायरप्लेसमध्ये जात खरोखर महत्त्वाची असते. तिथे वायू जाळणारी बंद पेटी नाही, बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि खोलीला ऊब मिळते ती मुख्यतः निखाऱ्यांच्या धगीची. लार्च-स्प्रूसच्या राळेच्या गाठी तडतडून ठिणग्या गालिच्यावर उडतात. जड लाकडाचे निखारे टिकतात, ठिणग्या कमी उडतात. फायरप्लेससमोर बसणाऱ्याने ते निवडले तर शहाणपणाच केला. १९३० साली इंग्रजीत छापली गेलेली, सीलिया काँग्रीव्ह यांच्या नावावरची सरपणाची कविता तिकडे अजून फिरत असते. तिने झाडांना गुण दिले ते त्या खुल्या चुलाण्यांच्या काळात. बंद स्टोव्ह आला, तो लाकडातल्या उष्णतेचा तीन चतुर्थांश भाग खोलीला देऊ लागला, आणि गुणपत्रिका मात्र जुनीच राहिली. त्या कवितेने अ‍ॅशला ओला असतानाही जाळायची मुभा दिली आहे. ताज्या अ‍ॅशमध्ये पाणी इतरांपेक्षा कमी, वजनाच्या सुमारे एक तृतीयांश, एवढाच त्या मुभेचा आधार. एक तृतीयांश म्हणजे आजच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅशला मारणाऱ्या बुरशीची नोंद झाल्यापासून रोगट अ‍ॅश मोठ्या प्रमाणावर तोडला जातो आहे, आणि तो सरपणाच्या बाजारात येतो. अशा वेळी कवितेचा दाखला देऊन कालचा ओंडका आज जाळणे महागात पडणारे आहे.

घराजवळचा दाखला द्यायचा तर उत्तराखंडाचा. तिथल्या बाया बांज, म्हणजे हिमालयी ओक, सरपणाला पसंत करतात आणि चीड टाळतात. त्यांचे म्हणणे योग्यच आहे, कारण चुलीला धुराडे नाही आणि चिडाचा काळा धूर थेट त्यांच्या डोळ्यांत जातो. पण त्यांच्या अनुभवाचा नियम करून तो धुराड्याच्या बंद स्टोव्हवर लादणे म्हणजे बैलगाडीचे वंगण मोटारीला घालणे. जातीवरून खरोखर टाळावे असे फार थोडे आहे. कण्हेर तेवढी विषारी म्हणून चुलीपासून दूर ठेवावी. बाकी टाळायचे ते माणसाने बिघडवलेले लाकूड: रंग दिलेल्या चौकटी, प्लायवूड, तांबे-क्रोमियम-आर्सेनिक मुरवलेले खांब, आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले खारे ओंडके.

या समजाची किंमत कोण देते तेही पाहायला हवे. ब्रिटनच्या जंगलांत जवळजवळ निम्मी झाडे सूचिपर्णी आहेत. ती सोडून बाल्टिक देशांतून भट्टीत वाळवलेले ओक आणि बर्च जहाजाने आणले जाते आणि पिशव्यांत भरून चढ्या भावाने विकले जाते. त्या पिशवीतला खरा माल कोरडेपणा आहे. पिशवीवर ठळक अक्षरात छापतात ते झाडाचे नाव. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगते, बघा, ओक कसा छान जळतो. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक स्वस्त मिळाला म्हणून सहा महिन्यांपूर्वी तोडलेला ओक घेते, आणि काच काळी झाली की स्टोव्हला दोष देते. ओक हे सर्वांत सावकाश वाळणाऱ्या लाकडांपैकी आहे, फोडून ठेवला तरी त्याला दोन वर्षे लागतात. फोडलेला स्प्रूस किंवा पाइन वारा खेळत्या छपराखाली एका उन्हाळ्यात तयार होतो. इथे जात महत्त्वाची ठरते खरी, पण ठरते ती ओलीमुळे, आणि निकाल मऊ लाकडाच्या बाजूने लागतो.

सर्वांत गंभीर हरकत कठीण लाकडाच्या कैवाऱ्यांची नाही, ती आरोग्यवाल्यांची आहे: कोरडे असो की ओले, लाकडाचा धूर तो धूरच, कोरडेपणाचे कौतुक करून तुम्ही वाईट सवयीला प्रतिष्ठा देता. हिला झटकून टाकता येत नाही. टास्मानियातल्या लॉन्सेस्टनमध्ये युकॅलिप्टस जाळणाऱ्या घरांचे प्रमाण ६६ टक्के होते. २००१ पासून लोकांना स्टोव्ह काढून वीज घ्यायला मदत मिळाली आणि ते ३० टक्क्यांवर आले. हिवाळ्यातल्या हवेतल्या धूलिकणांची सरासरी घनमीटरमागे ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरली, आणि हृदयविकार व श्वसनविकाराने हिवाळ्यात होणारे मृत्यूही घटले, असे २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या अभ्यासात दिसले. हे यश लाकूड वाळवून मिळालेले नाही, ते न जाळण्याचे आहे. दाट वस्तीच्या शहरात, परवडणारी वीज हाताशी असताना केवळ ज्वाळा बघायला स्टोव्ह पेटवणाऱ्याची बाजू हा लेख घेत नाही. पण ज्याच्यापाशी दुसरा पर्याय नाही, आणि अशी घरे अलास्कापासून चिलीपर्यंत लाखो आहेत, त्याला आपण सांगणार काय? ओक शोधा, हे सांगून त्याचा धूर कमी होत नाही. वाळवा, बारीक फोडा, हवा कोंडू नका, हे सांगितले तर होतो.

आणि हे तपासायला जाणकार असावे लागत नाही. ओलीचा मीटर स्वस्त मिळतो. तो ओंडक्याच्या बाहेरून लावला तर खोटे बोलतो, कारण बाहेरची बाजू आधी वाळते. ओंडका मधोमध फोडून ताज्या फाळीत टाचण्या खुपसायच्या. मीटर नसेल तर दोन फाळ्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात. कोरडे लाकूड खणकन वाजते, ओले बद्द. कोकणात मृगाआधी सरपण फोडून, उन्हात तापवून पडवीत किंवा माळ्यावर रचून ठेवतात तेव्हा हीच परीक्षा हाताने होत असते, आणि तिथे ऐन की किंजळ याच्याआधी सुके की ओले हे पाहिले जाते. तेव्हा ऑक्टोबरात विक्रेत्यासमोर दोन ढीग असतील, एक मागल्या हिवाळ्यात तोडलेल्या ओकचा आणि दुसरा वसंतापासून फोडून वाळवलेल्या स्प्रूसचा, तर या हिवाळ्यासाठी स्प्रूस घ्यावा आणि तो दीडपट घ्यावा. ओकवर मन बसलेच असेल तर तोही घ्यावा, फोडून परसात छपराखाली रचावा, आणि परवाच्या हिवाळ्यापर्यंत त्याला हात लावू नये.